इंदुबाई आणि गोटीचं बाळंतपण

इंदुबाई भोईर आमच्या मजल्यावर राहायला आल्या, तेव्हापासून मी त्यांना एका जागी स्वस्थ बसलेलं क्वचितच पाहिलं. मीरा रोडच्या शांती नगरातल्या आमच्या इमारतीत त्यांचं आणि माझं दार समोरासमोर आहे. त्या गॅलरीत जायच्या, परत यायच्या, दार उघडून लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे ते बघायच्या, आणि जायचं कुठेच नसल्यामुळे दार पुन्हा लावून घ्यायच्या. मला दिसल्या की म्हणायच्या, "काय न्हाय बाय, जरा बगत होतू."

त्यांचं आयुष्य जवळच्याच राई गावात गेलं. लहानपणी वडिलांबरोबर मिठागरात, लग्नानंतर सासरच्या भातशेतीत. नवरा काळूराम गेला, शेतावर इमारती उभ्या राहिल्या, आणि मुलगा प्रणय आईला आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. घरात सून मिनल कॉम्प्युटरवर हिशेबाचं काम करायची. स्वयंपाकाला बाई होती, कपड्यांना मशीन होतं. इंदुबाईंच्या हातांना काही उरलं नव्हतं.

त्या हातांची राईत एकेकाळी मोठी किंमत होती. कुणाच्या घरी बाई अडली की माणूस धावत काळूरामच्या दाराशी यायचा. इंदुबाई सुईण नव्हत्या, कुणाकडून काही घेत नसत; पण त्यांनी पोटावर हात ठेवला की बाळंतिणीला धीर यायचा म्हणतात. मग घरोघरी रिक्षा आल्या, दवाखाने आले, आणि इंदुबाईंना बोलवायला येणं बंद झालं. एक गोष्ट मात्र त्या मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. "माज्या हातची एक पन बालंतीन गेली न्हाय."

त्यामुळे मिनलची कुत्री गोटी गाभण राहिली तेव्हा त्या घरात सगळ्यात जास्त हललं कोण असेल, तर इंदुबाई.

गोटी बीगल जातीची, पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांची, लांब कानांची. तिच्या आधी मिनलने रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून पिल्लू आणलं होतं. ते आईपासून फार लवकर तोडलेलं, लस न दिलेलं निघालं आणि आठवड्याभरात गेलं. मिनल मूळची गिरगावातली, नीटनेटकी आणि हट्टी. तिने ठरवलं की गोटीला एकदाच पिल्लं होऊ द्यायची, पण सगळं रीतसर. गोटी पूर्ण वाढेपर्यंत ती थांबली. तिच्या रक्ताच्या, डोळ्यांच्या, कमरेच्या तपासण्या केल्या. नर तारोडी गावातल्या एका कुटुंबातला होता, त्याच्याही तपासण्यांचे कागद मागितले आणि त्याच्या आईबापांची चौकशी केली. इंदुबाई मला म्हणाल्या, "माज्या पोराचं लगीन ठरवताना कुनी येवडं घरानं बगलं न्हवतं." मिनलने आतून ऐकलं आणि म्हणाली, "म्हणून तर आता बघतेय, आई."

पिल्लं कुणाला द्यायची तेही आधीच ठरत होतं. मिनल घरं बघून यायची. एका गृहस्थांना दिवाळीला साहेबांना भेट म्हणून पिल्लू हवं होतं. त्यांना तिने चहा पाजून परत पाठवलं.

गोटीचं पोट दिसायला लागलं तशा इंदुबाई बदलल्या. लिफ्ट बघायला येणं कमी झालं. त्या नाचणी दळून आणायला लागल्या. डिंकाच्या लाडवांचं सामान त्यांनी आणलं, पण त्यात बेदाणे होते आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात, असं मिनलने सांगितल्यावर ते लाडू आम्हा शेजाऱ्यांच्या वाट्याला आले. ओव्याची धुरीही मिनलने नाकारली. इंदुबाई रुसल्या नाहीत, पण त्यांची चुळबुळ वाढली. "खायला नको, धूर नको. मंग बालंतीन उबी कशावर र्‍हायची?" त्या मला विचारायच्या.  मी कुत्रा कधी पाळला नाही.

दिवस भरत आले तेव्हा मिनलने बेडरूमच्या कोपऱ्यात लाकडी फळ्यांचा, बुटक्या कडांचा चौकोन करून घेतला आणि त्यात जुन्या चादरी अंथरल्या. ती दिवसातून दोनदा गोटीचं तापमान मोजायची. अंग एकदम गार पडलं की एका दिवसाच्या आत पिल्लं येतात, असं डॉक्टर रुचितांनी सांगून ठेवलं होतं. मीरा रोडलाच जनावरांचा दवाखाना चालवणाऱ्या या डॉक्टर वयाने लहान होत्या, पण बोलणं मोजकं आणि पक्कं.

एका सकाळी तापमान उतरलं. गोटी चादरी उकरायला लागली. चौकोनातून बाहेर यायची, पलंगाखाली जायची, परत यायची, जीभ काढून धापा टाकायची. मिनल तिच्यामागे, इंदुबाई मिनलच्या मागे. मला मदतीला बोलावलं होतं, पण मी दारातच उभी राहिले, कारण खोलीत आणखी एक अस्वस्थ जीव मावला नसता.

पहिलं पिल्लू दुपारी आलं, पिशवीसकट. गोटी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मिनलने नाकाकडून पिशवी फाडली, तोंड पुसलं, पिल्लू टॉवेलमध्ये चोळलं. ते चिरकलं, आणि मग कुठे गोटीला कळलं की हे आपलं आहे. इंदुबाईंनी स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणि उलथणं आणलं होतं. त्यांच्याकडे मूल जन्मलं की थाळी वाजवायची रीत. मिनलने त्यांचा हात धरला. "आई, ती घाबरेल." इंदुबाईंनी ताट पाठीमागे लपवलं. नंतर कितीतरी वेळ ते त्यांच्या हातातच होतं.

तिसरं पिल्लू निपचित आलं. मिनलने चोळलं, हललं नाही. तिने डॉक्टरांना फोन लावला तसं इंदुबाईंनी ताट खाली ठेवलं, पिल्लू घेतलं, करंगळीने त्याच्या घशातला चिकटा काढला, डोकं जरा खाली धरून पाठ घासत राहिल्या. मिनल फोनवर डॉक्टर सांगतील ते त्यांना सांगत होती आणि त्या मान हलवत होत्या. पिल्लाने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं.  इंदुबाईंनी ते गोटीच्या तोंडापाशी ठेवलं आणि पदराने स्वतःचा घाम पुसला.

सहा पिल्लं झाली. प्रत्येकामागे वार पडली की नाही याकडे मिनलचं लक्ष होतं. संध्याकाळी सगळी गोटीला चिकटून दूध पीत होती. त्यानंतरचे दिवस इंदुबाईंचे. घरात येणाऱ्याला त्या दारातच चपला काढायला लावायच्या, आणि बेडरूमकडे कुणी बघितलं तरी म्हणायच्या, "बालंतिनीला नजर लागते."

पिल्लांचे डोळे उघडले, ती पोटावर सरकायला लागली, आणि एका दुपारी गोटी पुन्हा तशीच फिरायला लागली. पिल्लांजवळ बसेना. इंदुबाईंना वाटलं गरम होतंय. त्यांनी पंखा वाढवला. थोड्या वेळाने त्या माझ्या दारावर थापा मारत आल्या. गोटीचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते, अंग भाजत होतं, तोंडाशी फेस. मिनलने तिला चादरीत गुंडाळलं. प्रणय ऑफिसात होता. आम्ही तिघी रिक्षात बसलो, आणि गोटीचं डोकं माझ्या मांडीवर थडथड आपटत होतं.

डॉक्टर रुचितांनी एकदा बघितलं आणि सलाइनची सुई लावली. हृदयावर नळी ठेवून ठोके ऐकत त्या अगदी हळूहळू औषध सोडत होत्या. दूध सुरू झालं की रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं, त्याने हे झटके येतात, असं त्यांनी सांगितलं. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "गाभण असताना हिला कॅल्शियम दिलं होतं का?"

"नाही," मिनल म्हणाली. "तुम्ही नको म्हटलं होतंत."

इंदुबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी दिला."

इंदुबाईंच्या गुडघ्यांसाठी त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. गोटीचं पोट दिसायला लागल्यापासून त्या स्वतः गोळ्या घेतच नव्हत्या. नाचणीच्या पेजेत रोज एक कुटून गोटीला घालत होत्या. पोरं आईची हाडं खातात, हे त्यांनी राईत पाहिलं होतं. गोटी बारीक, आणि पोटात पोरं फार. त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं. डॉक्टर रुचितांनी बजावलं होतं मिनलला, आणि मिनलने ते प्रणयला सांगितलं होतं.

"आता तुमी पन तेच देताव ना?" इंदुबाईंनी विचारलं. आवाजात भांडण नव्हतं, त्यांना खरंच कळत नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं. आधी बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून काढायचं विसरतं. मग एकदम सहा तोंडांना दूध द्यायची वेळ येते आणि त्याला ते जमत नाही. "पण आजी, गोळ्या न देताही होतं असं. लहान चणीची कुत्री, पिल्लं जास्त. नक्की कशाने झालं ते मी सांगू शकत नाही."

इंदुबाईंनी दुसरा भाग ऐकलाच नाही असं मला वाटलं. त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या, उठल्या, आत डोकावल्या, परत बसल्या. मला म्हणाल्या, "ती गेली तर माज्या हातची गेली." मी काहीतरी समजूत घातली असेल. काय बोलले ते आठवत नाही, आणि त्याचा उपयोगही झाला नाही.

हळूहळू गोटीचे पाय सैल पडले. तिने मान उचलून मिनलचा हात चाटला. डॉक्टरांनी सांगितलं की आता पिल्लांना तिच्याकडे सोडायचं नाही, बाटलीने पाजायचं, आणि ती पुरती सावरली की ऑपरेशन करून घ्यायचं, म्हणजे पुन्हा हा प्रसंग नको. मिनल लगेच हो म्हणाली.

घरी आल्यावर मिनल सासूशी कामापुरतं बोलायची. एकदाच काय ते बोलली. "तिच्या खाण्याला आता हात लावू नका, आई." इंदुबाईंनी लावला नाही. बाटल्या उकळायच्या, पिल्लं पुसायची, सगळं करायच्या, पण गोटी जवळ आली की हात आखडून घ्यायच्या. आणि पुन्हा लिफ्ट बघायला यायला लागल्या. गोटीही बंद दारामागच्या पिल्लांसाठी घरभर फिरायची. दोघींच्या चालण्याचा आवाज मला माझ्या हॉलमध्ये ऐकू यायचा.

असं बरेच दिवस चाललं. एका संध्याकाळी मी वाटी परत द्यायला गेले असताना इंदुबाईंनी माझ्यासमोरच मिनलला विचारलं. मी तिथे असावं असं त्यांना वाटलं असेल.

"खरा सांग. माज्या हातान झाला का?"

मिनल पिल्लाला बाटली लावून बसली होती. गोळ्या न देताही असं होतं, हे डॉक्टरांचं वाक्य तिला सांगता आलं असतं. तिने पिल्लू मांडीवर नीट घेतलं.

"थोडं तुमच्या हाताने," ती म्हणाली. "आणि थोडं माझ्या. मी सगळं ठरवलं, पण तुम्हाला काही विचारलं नाही की सांगितलं नाही. तुम्ही काहीतरी खाऊ घालणार हे मला कळायला हवं होतं."

इंदुबाईंनी मान हलवली. "बरा झाला बोललीस," म्हणाल्या, आणि हातातली बाटली उकळत ठेवायला उठल्या.

पिल्लं दोन महिन्यांची झाली, लसी टोचून झाल्या, आणि माणसं न्यायला येऊ लागली. मिनल प्रत्येकाला खाण्यापिण्याचं समजावून सांगायची. तिचं संपलं की इंदुबाई पुढे व्हायच्या. मादी नेणाऱ्याला तर सोडतच नसत. "हिला पुडे पोरां होऊ देनार असाल तर डाक्तरला इचारल्याबिगर गोली देव नका. मी दिली व्हती. हिची आई मरता मरता र्‍हायली." नेणारे गोंधळायचे, मिनलकडे बघायचे. मिनल त्यांना थांबवत नसे.

शेवटची मादी राईलाच जायची होती. इंदुबाईंच्या भावाची नात भाविका ती न्यायला आली. तिचा जन्म इंदुबाईंच्याच हातचा, आणि लहानपणापासून तिने आजीची ख्याती ऐकलेली. इंदुबाईंनी तिलाही गोळ्यांचं सांगितलं. ती हसून म्हणाली, "आजी, तुमी चुकलांत? खोटा."

"चुकलू," इंदुबाई म्हणाल्या. "चांगल्या मनान चुकलू, तरी चुकलूच. तू नको चुकू."

भाविकाने हसणं थांबवलं आणि हो म्हणाली. तिने पिल्लू शालीत घेतलं, आमच्या पाया पडली आणि गेली. इंदुबाई दारातच उभ्या होत्या. लिफ्टचा आकडा उतरताना बघत होत्या. तो खाली पोचायच्या आत त्या वळल्या आणि मिनलला म्हणाल्या, "तिला फोन लाव. हसत होती, डोक्यात र्‍हायला नसंल."

मिनलने फोन लावून त्यांच्या हातात दिला.