तळहातांची पेडलं

ब्रेकबाईंचा आवाज असा, की त्या स्वतःच्या शिकाऊ माणसावर ओरडल्या तरी चौकातली भलतीच गाडी थांबायची. गाडी शिकवणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. शिकणाऱ्यांनी भिंत ठोकली, खांब ठोकला, एकानं तर पोलीसचौकीच ठोकली, पण बाईंच्या अंगावर साधा ओरखडा नाही. रडकुंडीला आणलं ते धाकट्या बहिणीच्या सहा वर्षांच्या लेकीनं, पिटुकलीनं.

पिटुकलीची आधी पाठ दुखू लागली, मग ती चालताना अडखळू लागली, आणि एका सकाळी पलंगावरून उतरायला गेली ती थेट फरशीवर. पाय उचलतच नव्हते. इस्पितळात कळलं, की मणक्याशेजारी कॅन्सरची गाठ आहे आणि ती आत शिरून मज्जारज्जू चेपतेय. औषधं त्याच दिवशी सुरू झाली, गाठ आक्रसूही लागली. “पण पाय परत येतील का, आणि किती, ते आज सांगता येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बहीण रडून रडून अर्धी झाली. गप्प बसून रडणं मात्र बाईंच्या स्वभावातच नव्हतं.

त्या पलंगाच्या पायथ्याशी बसल्या, पिटुकलीच्या तळव्यांना आपले तळहात लावले आणि गरजल्या, “डावा पाय क्लच, उजवा ब्रेक! दाब लवकर, समोरून जिराफ येतोय!”

“दाबला!” पिटुकली किंचाळली.

तळहाताला काहीसुद्धा जाणवलं नव्हतं. तरी बाई करकचून ब्रेक लागल्यासारख्या धाडकन पुढे कोसळल्या आणि “मेले, मेले!” म्हणून बोंबलल्या. पोरगी हसून लोटपोट.

झालं! रोज सकाळी हाच धिंगाणा. जिराफ झाले, पळपुटे नवरदेव झाले, चड्डीवरचे हेडमास्तर झाले. पोरगी खोटं दाबायची, मावशी खोटी आपटायची. एकीपेक्षा एक थापाडी! नर्सनं एकदा बाजूला घेऊन विचारलं, “खरंच काही हलतंय का हो?”

“हलतेय ती मीच,” बाई म्हणाल्या.

एका सकाळी समोरून बँडवाले आले. “क्लच!” बाई ओरडल्या आणि सवयीनं पुढे कोसळल्या. नाक नेमकं डाव्या पावलावर आलं, आणि पायाचा अंगठा वळवळत सरळ नाकपुडीत शिरला.

बाई जागच्या जागी थिजल्या. “ए, काय केलंस?”

“क्लच दाबला.”

“खरा?”

“आज खरा,” पिटुकली म्हणाली.

बाई वॉर्डभर धावत सुटल्या. “नाकात अंगठा घातला हो! माझ्या नाकात!” लोकांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. बहीण सलाइनच्या स्टँडलाच मिठी मारून नाचायला लागली. डॉक्टरीणबाई पळत आल्या. म्हणाल्या, “वर कर,” अंगठा वर झाला. “खाली कर,” खाली झाला. मग त्यांनाही हसू आवरेना. आनंद म्हणजे किती, शेजारच्या पलंगावरचा मुलगा “माझ्यापण नाकात” म्हणून हटून बसला.

उजवा पाय मात्र ढिम्म. गर्दी पांगल्यावर पिटुकलीनं हळूच विचारलं, “मावशी, हा आलाच नाही तर?”

थाप बाईंच्या ओठांवर तयारच होती. त्यांनी ती गिळली.

“नाही आला तर नाही आला. हातांनी चालवायच्या गाड्या असतात. मला चालवता येत नाहीत त्या. आधी मी शिकेन, मग तुला शिकवेन.”

“तुला भीती वाटेल?”

“वाटेल. आत्तासुद्धा वाटतेय,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा तो चौक थांबवणारा आवाज जेमतेम उशीपर्यंत पोचला.

पिटुकलीनं त्यांचा हात ओढून जवळ घेतला. “घाबरू नकोस गं,” ती म्हणाली. “मी बसेन ना शेजारी.”