शेजाऱ्याच्या जाहिरातीवर आमच्या भावकीची चढाई

आता हसायचं न्हाई बघा. आदी चहा घ्या, मग ऐका. मी केलेला गाढवपणा कोरड्या घशानं ऐकण्यातला न्हाई.

आमचं मंगल कार्यालय तुमाला ठाव हायच. वाईच्या रस्त्याला, वडलांनी बांधलेलं. हॉल, खोल्या, पाण्याची टाकी, सगळं जागच्या जागी. पंखं जरा वरडत्यात, पर लग्नात पंख्याचा आवाज कुणाला येतोय? तर मागच्या वर्षी बरोबर समोर सांगलीकडच्या सुधाकररावानं लॉन काढलं. हिरवंगार गवत, कारंजं, आन् नवरा-नवरीला बसायला झोपाळा! झोपाळा कशाला? लग्नाला आलाय का जत्रंला?

तेबी चाललं असतं. पर मोबाईलवर वाईतलं मंगल कार्यालय शोधलं की सगळ्यात वर त्याचं लॉन! जाहिरात हो! पैसं भरून वर बसलेला. आन् आमी कुठं? दोन हॉटेलं आन् एक दाताचा डाक्टर झाला की मग आमी.

माझा जीव अडकलेला तात्यांच्या नातवाच्या लग्नात. तात्या म्हंजी माझं चुलत चुलतं, रिटायर सुभेदार. भावकीत त्यांचा शब्द म्हंजी हुकूम. त्यांचं कार्य जिथं, पुढची समद्यांची लग्नं तिथंच. लग्न ठरलं व्हतं, हॉल ठरायचा व्हता. ते गेलं तर माझं कार्यालय कायमचं ओस पडणार, हे मला दिसत व्हतं.

अशात मला कळलं, की त्या जाहिरातीवर कुणीबी बोट दाबलं की सुधाकररावाचं पैसं कटत्यात. दिवसाचं ठरलेलं पैसं संपलं की जाहिरात गायब! मी जागच्या जागी उडी मारली.

बायको म्हणाली, "आवं, ही चोरी हाय."

"चोरी कसली? मी त्याच्या खिशात हात घातला का? तू दुकानातल्या साड्या बघून तशीच परत येतीस, ती चोरी व्हय?"

"मी साडी बघायला जाती. दुकान बंद पाडायला न्हाई."

मी पायात चपला सरकावल्या. तडक तात्यांकडं गेलो. आपल्याला पायजे ते उत्तर कुठं मिळंल, हे माणसाला बरोबर कळतं.

तात्यांनी मिशीवरनं हात फिरवला. "चोरीचा हितं संबंधच न्हाई रं. ही शत्रूची रसद तोडणं! फौजेत ह्याला पदक देत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं भावकी फौजेसारखी रांगेत फॉलिन! तात्यांनी ड्यूट्या लावल्या. कुणी डेअरीला दूध घालून आल्यावर, कुणी उसाला पाणी सोडून बांधावर बसल्यावर. मी सगळ्यांना बजावलं, "वर जाहिरात येती, तिच्यावर दाबायचं. बास!"

आन् काय सांगू! दुपारच्या आत जाहिरात गुल! रोज गुल! मी पेढं आणलं. पर वाटायचं कशाबद्दल, ते कुणाला सांगता येईना, म्हणून एकट्यानंच खाल्लं.

तर एक दिवस दारात उभा ऱ्हाऊन समोर बघतोय, तर आमच्या हौसाकाकू लॉनच्या झोपाळ्यावर बसून चहा पित्यात! मी पळतच रस्ता वलांडला.

"काकू, तुमी हितं?"

"आरं, सुधाकर माझ्या जावंच्या म्हायेरचा निघाला! तू फोन करायला लावलास म्हणून तर कळलं. लय पुण्य लागंल तुला!"

फोन? मी फोन करायला कवा सांगितलं?

मग उलगडा झाला. जाहिरातीखाली फोनचं ठळक चित्र व्हतं. सगळी भावकी नेमकं तेच दाबत व्हती! फोन लागायचा, आन् सुधाकरराव उचलून म्हणायचा, "रामराम पाव्हणं!"

आता तुमीच सांगा, रामराम घातलेल्या माणसाचा फोन आपल्यात कुणी कापतं का?

"रामराम. गाव कुठलं म्हणायचं तुमचं?"

"तासगाव."

"तासगाव? आवं, आमची थोरली आक्का तासगावातच दिलीया!"

झालं! तिथनं जी गाडी सुटायची, ती ऊस, पाऊस, गुडघंदुखी करत थेट जेवणाच्या येळंला थांबायची. आन् हे रोज! ड्यूटी व्हती न्हवं!

मी धापा टाकत तात्यांकडं. तात्यांनी पत्रिकाच हातात ठिवली. विवाहस्थळ: समोरचं लॉन.

"तात्या, आवं रसद तोडायची व्हती न्हवं?"

"व्हय रं. पर रोज बोलून जीव लागला गड्याचा. माझी बीपीची गोळी घेतली का, म्हणून इचारतो. तू इचारलंस कवा? त्यात पाव्हणा निघाला, त्याला डावलून कसं चालंल? तू काय, घरचाच. रुसून जाणार कुठं?"

खरं सांगतो, मला तिथंच रडू आलं. तात्यांना वाटलं, नातवाच्या लग्नाचा आनंद झाला. त्यांनी पाठीवर थाप मारली.

भावकीचं लग्न, चुकवता येतंय व्हय? गेलो. तर माईकवर माझंच नाव! "ज्यांच्यामुळं ह्या भावकीची आन् आमची गाठ पडली, त्या आमच्या शेजाऱ्यांचा सत्कार!" सुधाकररावानं स्वतः फेटा बांधला. बांधता बांधता कानात म्हणतो, "दादा, जाहिरातीचा खर्च जरा वाढला, पर असा शेजारी देवानं सगळ्यांना द्यावा." त्याला सगळं ठाव व्हतं का? तोंडावरनं काय कळंना.

मग म्हणं, दोन शब्द बोला. आन् माझा जन्म गेलाय मांडवात माईक धरण्यात! माईक हातात आला की माझ्या तोंडातनं वाईट शब्दच निघत न्हाई. "असं लॉन उभ्या जिल्ह्यात न्हाई! मालक देवमाणूस! आपल्या घरचं कार्य हितंच करा!" टाळ्याच टाळ्या. समोर एक जण मोबाईल धरून उभा व्हता. मला वाटलं, आठवणीसाठी फोटो काढतोय.

परवा सहज मोबाईलवर आमच्याच कार्यालयाचं नाव टाकलं. सगळ्यात वर कोण असंल? मी! फेटा बांधून, हात जोडून, आन् खाली ठळक अक्षरात माझंच वाक्य, "आपल्या घरचं कार्य हितंच करा." शेजारी सुधाकररावाच्या लॉनचा नंबर.

बायकोनं चष्मा लावून नीट बघितलं आन् म्हणाली, "बरं झालं बाई. शेवटी तुमी वर आलासा!"