अर्धा मिलिमीटर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन बसतो — तेव्हासुद्धा मनातल्या मनात एवढी एक गोष्ट वगळूनच बोलत आलो. आज तुम्हाला सांगतो आहे, तर आधीच एक सांगून ठेवतो. मध्येच कुठेतरी तुम्हाला माझी कीव येईल. ‘त्या दिवसांत वातावरणच तसं होतं हो’ असं म्हणावंसं वाटेल. म्हणू नका. वातावरणाने काही केलं नाही. मी केलं.

मी ड्राइंगचा माणूस. परभणीच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्झिस्टर रेडिओची कॅबिनेटं बनवणारा एक लहानसा कारखाना होता, तिथे मी नोकरीला होतो. आतलं सर्किट, स्पीकर वगैरे दुसरे लोक बसवायचे. आमच्याकडे फक्त खोकं — प्लास्टिकची पेटी, धरायची मूठ, मागचं बॅटरीचं झाकण, आणि जिच्यातून स्टेशनचे आकडे दिसतात ती पुढची खिडकी. खोक्याला काय एवढं डोकं लागतं? लागतं. भिंत जाड ठेवली की प्लास्टिकचा दाणा जास्त जातो आणि रेडिओ हाताला जड होतो. पातळ ठेवली की बैलगाडीतून पडल्यावर कोपरा उडतो. मी भिंत अडीच मिलिमीटर ठेवली होती, कोपऱ्यांना तीन. या आकड्यांचा मला अभिमान होता. अजूनही आहे, आणि त्याचीच मला चीड येते.

काचेची कल्पनाही माझीच. तोवर आमच्या रेडिओची खिडकी पारदर्शक प्लास्टिकची असायची. आमच्या भागात लोक रेडिओ शेतात नेतात, धूळ बसली की उपरण्याने पुसतात. वर्षभरात त्या खिडकीला मोतीबिंदू झाल्यासारखं होतं, आकडे दिसेनासे होतात. मी मालकांना म्हणालो, खरी काच बसवू या. एकशेवीस मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड. मालक खूश झाले. दुकानदारही खूश — गिऱ्हाइकासमोर काचेवर नख वाजवून दाखवायचे.

काच बसवायचं काम सुदामकडे होतं. पुढची चौकट साच्यातून निघाली की ती गरम असतानाच काच खाचेत घालावी लागे. थंड झाली की प्लास्टिक ताठ होतं आणि काच आत जात नाही. दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं, टक् असा आवाज आला की बसली. हाताला चटके बसत, पण सुदाम गप्पा मारत मारत दिवसभर ते करायचा. पंचविशीचा, तोंडाने फटकळ. नवी काच हातात आली की तिच्यात बघून आधी भांग सारखा करायचा. मी सारखा मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन फिरायचो, त्याला तो चिमटा म्हणायचा. एकदा सगळ्यांसमोर मला म्हणाला, ‘आप्पा, घरी भाकरीबी या चिमट्यानं मापूनच घेता का? वयनीला इचारायला पायजे एकदा.’ सगळे हसले. मीही हसलो. मला तो आवडायचा — हे सांगताना माझी मलाच लाज वाटते, कारण तो मला आवडायचा हे खरं आहे.

जेवायला आम्ही गोल करून बसायचो. सुदाम दाराशी बसायचा. त्याला तिथे बस असं कुणी सांगितलं नव्हतं. इकडे ये, असंही कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या लिंगायत धर्मात जात मानत नाहीत, हे मी माझ्या पोरांना अगदी ठासून सांगत असे. आणि दुपारी डबा उघडून त्या गोलात बसत असे.

हो, सुदाम बौद्ध होता. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तेव्हा पेटलेला. खेड्यांतून घरं जाळून झाली होती, सुदामच्या मावशीचं घर त्यात गेलं होतं. पुढे जाळपोळ थांबली, पण मोर्चे चालू राहिले, बंद चालू राहिले, आणि चहाच्या टपरीवर कुणी आलं की बोलणं बदलायचं. एकदा सुदाम एक दिवस आला नाही. दुसऱ्या दिवशी भास्करराव — आमचे फोरमन — यांनी विचारलं, तर आजारी होतो म्हणून सुटला असता. म्हणाला, ‘मोर्चाला गेलतो. खाडा मांडा.’ खोटं बोलायची त्याला गरजच वाटली नाही. ते भास्कररावांना लागलं. मला वाटतं, सगळ्यांनाच लागलं. मलाही? — हो, मलाही.

आता मुद्द्यावर येतो. टाळतोय हे माझं मला दिसतंय.

नमुन्याची कॅबिनेटं आम्ही मे महिन्यात काढली. परभणीचा मे तुम्हाला माहीत आहे. एकूण एक काच चपखल बसली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, माल बाहेर पडत राहिला. डिसेंबरात थंडी पडली आणि काचा तडकायला लागल्या. संध्याकाळी बसवलेली चौकट सकाळी बघावी तर कोपऱ्यातून निघालेली एक बारीक रेघ पार पलीकडच्या कडेला गेलेली. दहांत तीन, कधी चार. मग दुकानांतूनही परत यायला लागल्या.

एका सकाळी मी लवकर गेलो. हात गारठले होते. रात्रभर थंड झालेली एक रिकामी चौकट घेतली आणि व्हर्नियर लावला. मे महिन्यात ती खाच एकशेवीस पूर्णांक दोन भरली होती. आता एकशेवीसही भरत नव्हती. पुन्हा मोजली. दुसरी घेतली. तेच. थंडीत प्लास्टिक आकसतं आणि काच जवळजवळ आकसत नाही — ड्राइंग शिकलेल्या माणसाला हे माहीत असतं. मलाही होतं. पण मी मोकळीक ठेवताना फक्त उन्हाळा धरला, वर खाचेचे कोपरे काटकोनात ठेवले, म्हणजे आकसलेली चौकट नेमकी काचेचा कोपरा चावणार. सगळं त्या थंडगार चौकटीत मला लख्ख दिसलं. चूक माझी होती. नीट ऐका — मला हे आधी कळलं. पुढे जे झालं ते, हे कळल्यानंतर झालं.

त्याच दिवशी दुपारी मालकांनी भास्कररावांना आणि मला बोलावलं. टेबलावर तडकलेल्या चौकटी मांडलेल्या. मालकांनी पहिला प्रश्न मलाच केला. ‘आप्पा, ड्राइंग तर बराबर हाय ना?’

मी म्हणालो, ‘मे महिन्यात सगळ्या बसल्या होत्या.’

वाक्य खरं होतं. मला तपासून बघा, त्यात खोटा शब्द नाही. हिशेबी माणूस खोटं कसं बोलतो, ते हे असं.

भास्करराव म्हणाले, ‘काचा एकच माणूस बसवतो. अन् त्याच्या डोक्यात सध्या काय चालू हाय, ते समद्या गावाला ठावं हाय.’

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसलो असतो तरी पुरलं असतं — गप्प बसण्याचा भित्रेपणा तरी माझ्या वाट्याला आला असता. पण मी बोललो. ‘त्याचा हात जरा जड आहे.’

कुणी विचारलं नव्हतं. मी होऊन म्हणालो.

सुदामला आत बोलावलं. मुद्दाम फोडतो का, असं त्याला सरळ विचारलं. त्याला आधी समजलंच नाही. मग त्याचं तोंड उतरलं, मग लाल झालं. ‘मी कशापायी फोडू, मालक? दुसऱ्या कुणाला तरी बसवायला लावून बघा की एक दिवस.’

एक दिवस. एवढंच मागत होता तो. दुसऱ्याने बसवलेल्या काचाही सकाळी तडकल्याच असत्या आणि प्रश्न मिटला असता. त्या खोलीत तीन शहाणी माणसं होती. मालकांच्या आणि भास्कररावांच्या ते डोक्यातही आलं नाही, कारण उत्तर त्यांच्याकडे आधीच तयार होतं. माझ्या डोक्यात आलं. म्हणूनच मी ते होऊ दिलं नाही — म्हणालो, ‘आता आणखी माल कशाला वाया घालवायचा?’

मग तो माझ्याकडे वळला. ‘आप्पा, तुमी तर रोज बघायलाव. सांगा की यास्नी.’

मी टेबलावरची चौकट उचलली आणि तिच्याकडे बघत राहिलो. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग बाहेर जाऊन डबा घेतला आणि निघून गेला.

तुम्हाला वाटेल, एवढंच. माणूस घाबरला, नोकरीच्या भीतीने दुसऱ्यावर ढकललं, असं जगात चालतं. थांबा. मी अजून खऱ्या कृत्यापर्यंत आलोच नाही.

सुदाम गेल्यावर दोन दिवसांनी त्याच्या जागी नवा माणूस आला. तो यायच्या आदल्या दिवशी मी सायकल काढून काच कापणाऱ्याच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, यापुढे लांबी अर्धा मिलिमीटर कमी घे. का, असं त्याने विचारलं नाही. खाचेच्या ओठाखाली तेवढी फट दिसत नाही. साचा बदलायचा नव्हता, कुणाची सही लागत नव्हती, कारखान्यात कुणाला पत्ताही लागला नाही.

आणि नव्या माणसाच्या हातून एकही काच तडकली नाही.

कळलं का, मी काय केलं ते? संशय होता, त्याचा मी पुरावा करून दिला. ‘बघा, तो गेला अन् काचा फुटायच्या थांबल्या,’ असं भास्करराव येईल त्याला सांगायला लागले. वसाहतीत सगळीकडे ते पोचलं. चांगली, शिकलेली, देवाधर्माची माणसं माना डोलवायची — आम्हाला वाटलंच होतं, म्हणायची. सुदाम ज्या ज्या दारात गेला तिथे ही गोष्ट त्याच्या आधी जाऊन बसलेली असायची. महिन्याभरात त्याने परभणी सोडली. आणि लोक मला साहेब म्हणायला लागले. नव्या मॉडेलचं ड्राइंगही माझ्याकडेच आलं.

अर्धा मिलिमीटर मी एकच दिवस आधी कमी करू शकलो असतो. त्याच दुकानात, त्याच सायकलवरून. सुदाम तिथेच राहिला असता, काचा टिकल्या असत्या, माझी चूकही कुणाला कळली नसती. म्हणजे मला वाचण्यासाठी त्याचा बळी द्यायचीसुद्धा गरज नव्हती! हे मला त्याच दिवशी, दुकानातून परत येताना, सायकलवरच कळलं. मग मी तसं का केलं? घाबरलो म्हणून? भास्कररावांनी वाट दाखवली आणि ती इतकी सोपी, इतकी सारवलेली होती की पाय आपोआप तिकडे वळले? एखाद्या जोश्याचा, देशमुखाचा पोरगा काचा बसवत असता तर त्याचा हात जड आहे असं मी म्हणालो असतो का? उत्तर मला माहीत आहे. तुम्हालाही आहे.

पुढे कारखाना बंद पडला. साचे भंगारात गेले, मालक गाव सोडून गेले, भास्करराव वारले. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. त्यानंतर एका लग्नाहून परतताना पूर्णेच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत उभा होतो, तर मागून हाक आली, ‘आप्पा! वळखलं का?’

सुदाम. केस पांढरे, खांद्यावर पोत्यांचा डाग पडलेला. मालधक्क्यावर हमाली करतो म्हणाला. मला ओढत चहाच्या गाड्यावर नेलं. घरचं विचारलं, वहिनींचं विचारलं. चहावाल्याने दोन काचेचे ग्लास पुढे केले, तर म्हणाला, ‘मला स्टीलचा दे.’

मला वाटलं, जुनी सवय. मी मोठेपणाने म्हणालो, ‘अरे, आता कोण पाळतं ते?’

तो हसला. ‘तसं न्हाई वो आप्पा. माझा हात जड हाय ना. काच टिकत न्हाई माझ्याजवळ. घरी बी बायको मला आरसा उचलू देत न्हाई.’

चहा निम्मा झाल्यावर तो म्हणाला, ‘एक इचारू? राग नका येऊ देऊ. खरंच होता का वो माझा हात जड? लय वर्षं डोक्यात हाय. कधी वाटतं होता, कधी वाटतं न्हवता.’

आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. कारखाना नव्हता, मालक नव्हते, नोकरी जायची भीती नव्हती. माझं काहीही बिघडणार नव्हतं. तोंडातून दोन शब्द काढायचे होते.

मी म्हणालो, ‘थोडा होता.’

त्याने मान हलवली. ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, ‘मंग बराबर हाय. मी उगंच इतके दिस तुमच्यावर राग धरून बसलो, आप्पा. लय शिव्या दिल्या तुमाला. माफ करा.’

आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला माफ केलं.