कॅमेऱ्यावरची पट्टी

ती घटना मी विसरेन म्हटलं तरी लोक मला विसरू देत नाहीत. संध्याकाळी जेसल पार्कच्या खाडीकाठच्या बाकांवर आम्ही निवृत्त मंडळी बसतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पोलीस ठाण्यातल्या संगणकांची कामं माझ्याकडे होती, हे इथे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे लॅपटॉप कोणता घ्यावा, मोबाइल कधी बदलावा, असले प्रश्न माझ्याकडेच येतात. मी सांगतो, आधी काम सांगा, मग मशीन बघू. फोटो बघायचे आणि मुलांशी बोलायचं असेल तर गेम खेळणाऱ्या पोरांचं महागडं मशीन कशाला? रॅम वाढवून, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकून जुनं पळत असेल तर नवं घेऊच नका. जुनं दुकानात देताना आतला सगळा डेटा पुसून घ्या आणि बॅगेचे कप्पे उलटेपालटे करून बघा. आणि नवं घेतलंत तर कॅमेऱ्यावरची सरकती पट्टी कुठे आहे, ती दुकानातच विचारून घ्या. ही शेवटची सूचना ऐकून लोक हसतात. मी कारण सांगत बसत नाही.

तेव्हा मी भाईंदर पूर्वेच्या बाजूला सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून मी डायरी बघत होतो, तेवढ्यात इंद्रलोक भागातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी एका वयस्क बाईंना घेऊन आले. बाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दादरची जागा विकून इथे आलेल्या. एकुलता एक मुलगा जर्मनीत. आपण त्यांना काकू म्हणू. काकूंच्या सोन्याच्या पाटल्या कपाटातून गेल्या होत्या आणि संशय कामवाल्या ताईंवर होता.

"संशय कसला साहेब, साक्षीदार आहे," सेक्रेटरी म्हणाले. "यांच्या मुलानं बघितलंय."

मुलगा जर्मनीत बसून कसा बघणार, हे काकूंनी समजावून सांगितलं. रोज दुपारी दोनच्या सुमाराला लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लागायचा, तो दिवेलागणीपर्यंत चालूच. तो तिकडे त्याचं काम करायचा, या इकडे भाजी निवडायच्या, टीव्ही बघायच्या. बोलणं असं फार नाही. "पण घरात माणूस असल्यासारखं वाटतं हो," काकू म्हणाल्या. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, तोंड कपाटाच्या खोलीकडे. पाटल्या दिसेनात तेव्हा काकूंनी मुलाला विचारलं आणि तो म्हणाला, हो, बाई कपाटापाशी घुटमळत होती.

अर्ज घेतला. गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी करू म्हणून ताईंना गाडी पाठवून बोलावलं आणि महिला हवालदारांना शेजारी बसवलं. ताई मूळच्या मराठवाड्यातल्या, नवघरला भाड्याने राहणाऱ्या. मी आयुष्यभर माणसं समोर बसवून प्रश्न विचारले. खोटं बोलणारा माणूस फार तपशील देतो, हा माझा अनुभव. ताईंनी काहीच तपशील दिले नाहीत.

"मी कपाटाला हात लावत न्हाई साहेब. लादी पुसते, भांडी करते अन् जाते."

"काकूंचा मुलगा म्हणतो, त्यानं तुम्हाला बघितलंय."

"मग त्यालाच इचारा. मी काय सांगू?"

तोवर ताईंचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला होता आणि गेटवरच्या वॉचमनने त्यांना आत सोडायचं बंद केलं होतं. त्या सोसायटीतली सगळी घरं सुटली होती, शेजारच्या सोसायटीतलीही सुटायला लागली होती. आमच्याकडे अजून गुन्हा दाखल नव्हता, पण लोकांनी शिक्षा देऊन टाकली होती. इथल्या घरकामाच्या बायकांकडे दुसरी पुंजी नसते, चांगल्या नावावरच कामाची घरं मिळतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जागा बघायला गेलो. घर लखलखीत होतं. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती, केसात अबोलीचा गजरा. मला वाटलं, कुठे कार्यक्रमाला निघाल्या की काय. "छे हो, कॉलची वेळ झाली ना," त्या म्हणाल्या. "नवा लॅपटॉप घेतल्यापासून चित्र फार स्वच्छ दिसतं म्हणतो. मग नीट राहावं लागतं. तुम्ही बसा तिथे, त्यालाच विचारा. मी चहा टाकते."

मी काकूंच्या खुर्चीत बसलो. घंटी वाजली, हिरवं बटण मीच दाबलं. पडद्यावर चाळिशीचा एक माणूस आला. नजर खाली, बोटं कीबोर्डवर.

"हं आई, जेवलीस?" तो म्हणाला. "आज छान दिसतेस हं. तो पोलीस येऊन गेला का?"

समोर मी बसलेलो. अंगात खाकी, ओठांवर झुबकेदार मिशी. आयुष्यात मला कोणी छान दिसतोस म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते असं.

"पोलीसच बोलतोय," मी आवाज खाली ठेवून म्हणालो.

त्याने झटकन वर बघितलं. "सर, सॉरी. तुमचा व्हिडिओ... इथे काळंच दिसतंय."

"कधीपासून?"

मी पडद्याच्या वरच्या कडेला बघितलं. कॅमेऱ्याच्या बारीक भोकात काचेऐवजी लाल ठिपका होता. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर कॅमेरा झाकायची इवलीशी पट्टी असते. दुकानातून मशीन आलं ते पट्टी बंद करूनच, आणि काकूंना ती कोणी दाखवलीच नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचं चित्र दिसतं तो चौकोनही काळाच होता. पण त्या स्वतःकडे कशाला बघतील? त्या मुलाकडे बघत होत्या.

"नवा लॅपटॉप आला तेव्हापासून," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या दिवशी सांगणार होतो. पण तिला फोनवरून समजवायचं म्हणजे अर्धा तास जातो आणि माझी मीटिंग होती. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, दिसतेय का? मी हो म्हणालो. मग रोजच हो म्हणत गेलो."

"आणि कामवाल्या ताई?"

"आईनं विचारलं, तू तर दिवसभर समोर असतोस, तुला दिसलं असेल ना? आता नाही कसं म्हणू? बाईशिवाय घरात येतंच कोण? वाटलं, तिनंच घेतलं असणार."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. माझ्यापुढे पेच होता. ताईंचं नाव धुऊन काढायचं तर काकूंना हे सांगणं भाग होतं, आणि सांगितलं तर त्यांच्याकडे काय उरणार होतं? मी शब्द जुळवत मागे वळलो. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ, ते मला माहीत नाही. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, "तू काम कर, नंतर बोलू." कॉल बंद केला. मग माझ्याकडे वळल्या.

"साहेब, अर्ज मागे घ्यायचा तर सही कुठे करायची?"

पाटल्यांचा शोध बाकी होताच. मी विचारलं, शेवटचं बाहेरगावी कधी गेला होतात? आपली माणसं मजबूत कपाट घेतात आणि गावाला जाताना सोनं रव्याच्या डब्यात ठेवतात, हे मी बऱ्याच घरांत बघितलं होतं. काकू गणपतीला भाच्याकडे गेल्या होत्या. त्या आठवत राहिल्या आणि एकदम डोक्याला हात लावला. पाटल्या त्यांनी जुन्या लॅपटॉपच्या बॅगेतल्या आतल्या कप्प्यात ठेवल्या होत्या. पुढे नवा घेताना जुना लॅपटॉप बॅगेसकट दुकानात देऊन टाकला होता.

दुकान जवळच होतं. दुकानदाराने माळ्यावर बोट दाखवलं. "साहेब, पुराना माल उधर ही पडा है, किसीने हाथ नहीं लगाया." धुळीने भरलेली बॅग खाली आली. पाटल्या हातरुमालात गुंडाळलेल्या, जशाच्या तशा. पंचांसमोर त्या काकूंच्या ताब्यात दिल्या. सेक्रेटरींना त्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ताईंच्या नावे माफी लिहायला लावली आणि ती माझ्यासमोर पाठवून घेतली.

"तिच्याकडे मला घेऊन चला," काकू म्हणाल्या. पोलिसांची गाडी दुसऱ्यांदा ताईंच्या दारात थांबली तर गल्लीत पुन्हा चर्चा, म्हणून आम्ही रिक्षाने नवघरला गेलो. काकूंनी उंबऱ्यातच हात जोडले. ताईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"सोनं मिळालं, बरं झालं," ताई म्हणाल्या. "पण मी आता येनार न्हाई, काकू."

काकूंनी आग्रह केला नाही. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "डोळ्यात औषध तीच घालायची. माझ्या तोंडाकडे रोज बघणारी तेवढी एकच होती, साहेब."

त्यांना घरी सोडलं तेव्हा लॅपटॉप टेबलावर तसाच होता. मी म्हणालो, "काकू, ही पट्टी सरकवून देतो. एका बोटाचं काम आहे."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता तो बघेल हो, नक्की बघेल. पण तुम्ही पकडलंत म्हणून बघतोय, असंच मला रोज वाटेल."

कागदोपत्री प्रकरण तिथे निकाली निघालं. चोरी झाली नव्हती, मुद्देमाल मिळाला होता, वरिष्ठांनी अर्जावर सही केली. माणूस समोर आहे म्हणजे तो बघतोय, असं धरून चालू नये, हे मी या प्रकरणात शिकलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे आधीच कळायला हवं होतं, पण कळलं ते त्या खुर्चीत बसल्यावर.

आता मी निवृत्त आहे. पत्नी गेली, मुलगी बंगळुरूला असते. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. मी दाढी करून बसतो. ती बोलता बोलता खाली बघत असते, बहुतेक मोबाइलमध्ये. "बाबा, तब्येत छान दिसतेय," म्हणते. एका रविवारी मनात आलं की पट्टी सरकवून कॅमेरा झाकावा आणि तिला कळतं का ते बघावं. बोट पट्टीपर्यंत नेलंही. उत्तर काय येईल याची मला भीती वाटली, म्हणून मी बोट मागे घेतलं आणि तिला म्हणालो, "हो गं, बरी आहे तब्येत."