रिकाम्या शेताचं शूटिंग

भिवंडीहून येते असं सांगितलं की कॉलेजात प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे कापडाचा लूमच उभा राहतो. शेवटच्या वर्षाला फिल्म करायची वेळ आली तेव्हा आमच्या सरांनीही तेच केलं. "तू लूमवर का करत नाहीस? काय टेक्स्चर असतं, काय आवाज असतो!" मी सांगितलं, सर, लूम तिकडे कामतघरला. मी कोनजवळच्या गावात राहते. आमच्या घरात कुणी कधी लूमवर शिफ्ट केलेली नाही, आम्ही भात लावणारी माणसं. सरांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांना फसवलं होतं.

सर तसे वाईट नव्हते, पण त्यांना एका शब्दाचं वेड होतं. तो शब्द म्हणजे 'काढ'. मी पहिला आराखडा नेला तर म्हणाले, गोष्ट काढ. दुसरा नेला तर म्हणाले, संगीत काढ. तिसऱ्यात मी हळदीच्या मांडवात नाचणाऱ्या बायका घेतल्या होत्या, तेव्हा म्हणाले, माणसं काढ. माझी सहनशक्ती संपली. "सर, मग उरतं काय?" यावर ते खुर्चीत मागे रेलले आणि इतके खूश झाले की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "तेच तर बघायचंय," म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला एक फिल्म दाखवली. एक रिकामी खोली, एक खिडकी, तिचा पडदा. पडदा हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. बस्स. वर्गातले निम्मे झोपले, दोघं चहाला म्हणून गेले ते आलेच नाहीत. मी जागी राहिले ती केवळ रागानं. यासाठी मी रोज शेअर रिक्षात तिघींच्या मध्ये चेंगरून, त्या कल्याण रोडची धूळ खात येते का, हा प्रश्न मला पडला होता. पण शेवटी शेवटी एक गंमत झाली. पडदा हलायच्या आधी मला कळायला लागलं की आता हलणार. कसं कळलं ते सांगता येत नाही. एवढ्या रागातसुद्धा मी पुढे वाकून बघत होते.

त्या संध्याकाळी घरी आले, माडीवर उभी राहिले आणि आमचं मागचं शेत बघितलं. लहानपणापासून बघत होते, पण काहीतरी काम असायचं म्हणून. बाबांना हाक मारायला, म्हैस हाकलायला, वाळत घातलेलं उडालं ते शोधायला. त्या दिवशी मात्र काही काम नसताना बघितलं. भात कापून झालं होतं. खाली नुसती धसकटं, मधे बांध, लांब गोदामांचे निळे पत्रे. दरवर्षी या दिवसांत तिथं वाल पेरलेले असायचे. या वर्षी बाबांनी पेरले नव्हते, कारण शेत गोदामवाल्याला द्यायचं ठरलं होतं. आजूबाजूच्या सगळ्यांनी भराव टाकून जमिनी उंच करून घेतल्या आणि पावसाचं सगळं पाणी आमच्या एकट्या शेतात साचायला लागलं. भात उभ्या उभ्या कुजायचं. बाबा दोन पावसाळे भांडले, मग त्यांनीही हात टेकले. थोड्याच दिवसांत डंपर येऊन माती ओतणार होते.

म्हणजे हे शेत माझ्या आयुष्यात पहिल्यांदा रिकामं होतं आणि शेवटचंही. मला तेच हवं होतं. एक सलग शॉट, कॅमेरा न हलवता, चौकटीत कुणी नाही, काही नाही. सरांना सांगितलं तर सर पहिल्यांदा 'काढ' म्हणाले नाहीत. काढायला काही उरलंच नव्हतं.

रिकामं शेत शूट करायला किती वेळ लागावा? एक सकाळ. पण भिवंडीत रिकाम्या जागेसमोर तीन पायांचं काही उभं केलं तर त्याचा अर्थ एकच होतो, हे माझ्यासारख्या इथंच वाढलेल्या मुलीच्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, कारण डोक्यात सर होते.

ट्रायपॉड लावून पाच मिनिटं झाली नसतील, तोच शेजारच्या शेताचे मालक, म्हणजे माझे चुलतकाका, लुंगी सावरत बांधावर आले. बरोब्बर चौकटीच्या मध्यभागी.

"मोजनी कवा हाय?"

"मोजणी नाही काका. मी फिल्म करतेय. कॉलेजची."

"कसली?"

"शेताची."

"शेतान काय हाय?"

"काही नाही. काही नाही म्हणूनच तर."

काकांनी माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि मग अगदी समजूतदारपणे मान हलवली. "बरा, बरा. न्हाय सांगायचा तर नको सांगू." आणि गावाकडे निघाले. मला वाटलं, गेले एकदाचे. केवढी मूर्ख मी!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बांधावर सिमेंटचे खांब उभे होते. रस्ता जाणार अशी बातमी गावभर झाली होती. आमच्याकडे रस्ता सतत कुठून ना कुठून जाणारच असतो, त्यामुळे कुणाला पुरावा लागत नाही. खांब काकांनी जरा अंदाजानं, म्हणजे आमच्या बाजूला सरकवून लावले होते. बाबा ओरडत धावले. बांधावर असं भांडण जुंपलं की मी कॅमेरा बंद केला, कारण त्यातल्या शिव्या परीक्षकांना ऐकवण्यासारख्या नव्हत्या. दुपारी खांब दोन हात मागे गेले. चौकटीत होतेच.

मग पलीकडच्या घरातली आत्या आली. नात्यानं आत्या नाही, पण आम्ही तसं म्हणतो. आमच्या बांधाला तिचाही एक तुकडा लागून होता. तिनं चिकूची रोपं आणली होती. जमीन रस्त्यात गेली तर झाडांचेही पैसे मिळतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. रोपं लावून झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, "बाय, माजी झाडं येतात ना फोटोन?" मी म्हटलं, आत्या, येतात, म्हणूनच रडतेय. "मग बरा," म्हणाली, आणि एक रोप जरा कडेला गेलं होतं ते उपटून मधे आणून लावलं.

आठवडाभरात त्या चौकटीत काय नव्हतं ते विचारा. एक पत्र्याची शेड आली. एक दगड आला, त्याला शेंदूर लागला, वर झेंडा लागला. कुणी लावला ते कुणी सांगेना. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकचा ड्रायव्हर लांबून चालत येऊन मला विचारून गेला, "मॅडम, रोड इधर से जाएगा तो हम गाडी किधर लगाएगा?" मी त्याला सांगितलं, भैया, मेरे सर पे लगाओ. तो बिचारा हसला, आणि त्यानं पुन्हा तेच विचारलं.

कुणालाच खरं वाटेना. मी ओरडून सांगितलं, हात जोडून सांगितलं, कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. ओळखपत्र बघून तर लोकांची खात्रीच पटली. पण माझं डोकं खरं फिरलं ते त्या रात्री जेवताना. बाबांनी भाकरी मोडता मोडता हळूच विचारलं, "बाय, खरा सांग. तुला कोनी पाठवलाय?"

मी ताटावरून उठले. ज्या माणसानं माझी फी भरली, ज्याच्या डोळ्यांदेखत मी घरभर चित्रं काढत वाढले, त्यालाही वाटत होतं की शेताकडे कुणी उगाच बघत बसणार नाही. आई म्हणाली, जेवून तरी भांडा. मी म्हटलं, मला भूक नाही. होती, चांगली होती, तरी तशीच झोपले.

इकडे सरांना शूट केलेलं दाखवलं तर ते खांबांकडे बोट दाखवून म्हणाले, "हे तू उभारलेस? मुद्दाम, इंटरव्हेन्शन म्हणून? फार रचलेलं वाटतंय. काढ." मी सांगितलं, ते काकांचे आहेत. सर म्हणाले, "असू देत, पण काढ." जणू मी काकांना फोन करून सांगणार होते की दृश्यसंकल्पनेत बसत नाही, तेवढे उचला.

शेवटी माझ्या सांगण्यानं जे झालं नाही ते तालुक्याच्या ऑफिसात झालं. गावातले दोघेतिघे तिथं चौकशीला गेले आणि इथून कसलाही रस्ता जात नाही, हे ऐकून आले. मग सगळं गाव माझ्यावर उलटलं. पोरीनं फसवलं! काकांनी खांब उपटताना मला ऐकू जाईल असे टोमणे मारले. आत्यानं रोपं तिच्या परसात नेली आणि दोन मेली त्याचाही ठपका माझ्यावर आला. शेड गेली. दगड तेवढा राहिला, पण तो बांधाच्या पलीकडे नेऊन ठेवला गेला. आणि ज्या दिवशी शेत पुन्हा रिकामं झालं, त्याच दिवशी गोदामवाल्याचा फोन आला. उद्यापासून डंपर.

म्हणजे माझ्या हातात एक सकाळ उरली होती.

मी उजाडायच्या आधीच जाऊन ट्रायपॉड लावला. थंडी होती, धसकटावर दव होतं, लांब गोदामाच्या पत्र्यावर नुकतं ऊन यायला लागलं होतं. बगळे उतरले होते. चौकट बघितली. काही नाही, कुणी नाही. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला ते समोर होतं. बटण दाबलं आणि श्वास रोखून उभी राहिले.

आणि डावीकडून बाबा आत आले.

अंगावर जुना स्वेटर, हात मागे बांधलेले. ते शेताच्या मध्यापर्यंत चालत गेले आणि उभे राहिले. हातात काही नव्हतं, ना खांब, ना रोप. नुसते उभे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं गाव बाहेर काढलं तर आता घरचा माणूस!

"बाबा! बाजूला हो ना! शूटिंग चालू आहे!"

बाबांनी वळून बघितलं. मान हलवली आणि आले तसे, त्याच चालीनं, बांधाबांधानं चौकटीबाहेर गेले. बगळे उडाले आणि परत बसले. मग मात्र कुणी आलं नाही. ऊन पत्र्यावरून खाली उतरलं, बांधावर आलं, धसकटावर आलं. रस्त्यावर पहिल्या डंपरचा आवाज आला तेव्हा मी कॅमेरा बंद केला.

कॉलेजात सर मनापासून खूश झाले. म्हणाले, जमलं. फक्त सुरुवातीचा तो माणूस काढ. वर्षभर मी त्यांचं ऐकून सगळं काढत आले होते. त्या दिवशी म्हटलं, नाही काढणार. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं. सरांनी दोनदा समजावलं, मग खांदे उडवले. पुढे परीक्षकांपैकी एका बाईंनी विचारलं, "तो माणूस कोण आहे?" मी म्हटलं, माझे बाबा. "हो, पण संकल्पनेच्या पातळीवर कोण आहे?" मी म्हटलं, संकल्पनेच्या पातळीवरही माझे बाबाच. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

शेतावर आता माडीइतकी उंच मुरुमाची भर आहे आणि तिच्यावर निळे पत्रे चढताहेत. बाबा माडीवर फारसे येत नाहीत. परवा मी तिथं बसले होते, तर वर आले आणि म्हणाले, "तुजा तो सिनेमा दाखव बघू." मी इतके दिवस दाखवला नव्हता. काय बोलतील ते ठाऊक होतं. पुढं काय व्हतंय, कवा चालू व्हनार, हेच. मी फोन दिला आणि चिडायच्या तयारीतच बसले.

ते फोन दोन्ही हातांनी धरून बघत राहिले. चौकटीत ते आले, उभे राहिले, माझी हाक आली, ते गेले. मला वाटलं, आता फोन परत देतील. पण त्यानंतरचं सगळं त्यांनी बघितलं. ते रिकामं शेत, ते ऊन, ते बगळे, अगदी डंपरचा आवाज येईपर्यंत. आमच्या वर्गातल्या कुणीही एवढं नीट बघितलं नसेल.

संपल्यावर माझ्याकडे वळून, अजिबात न रागावता, खरंच समजून घ्यायचं म्हणून त्यांनी विचारलं, "येवढा टाइम काय व्हनारच नव्हता, त मना कशाला हाकललंस?"

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि सिनेमा पहिल्यापासून लावला.