पुतण्याला बाद देणारा पंच

ऐंशीच्या दशकात आमच्या भागात फलंदाजी करणाऱ्या गावाचाच माणूस पंच म्हणून उभा राही. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, हातखंब्याजवळच्या कातळावर, पाहुण्या गावाचा एक पन्नाशीचा माणूस पंच होता. चेंडू मोजायला तो काजूच्या सहा बिया एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकी. पाहुण्यांना जिंकायला दोन धावा हव्या होत्या. शेवटचा गडी धावला, यष्ट्या उडाल्या आणि पंचाने शांतपणे बोट वर केलं. बाद झालेला त्याचा सख्खा पुतण्या होता.

"काका, घरचा असून गळा कापलास!" पुतण्या ओरडला. पाहुण्यांचा टेम्पो पंचाला न घेताच निघून गेला.

मला जास्त चीड आमच्या गावाची आली. "असला येडा भेटला म्हणून जिंकलो," असं म्हणत आमचा कप्तान चषक नाचवत होता. आमच्या टेम्पोत जागा होती, पण त्याला कोणी "बस" म्हणालं नाही.

मी त्याच्याबरोबर हमरस्त्यापर्यंत चालत गेलो. "काका, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण पुतण्याच्याच घरची पेज खातो मी. खोटं बोलून ती घशाखाली उतरंल काय?"

तो चषक अजून आमच्या मंडळाच्या कपाटात आहे. त्यावर कोरलेलं आमच्या गावाचं नाव मला वाचवत नाही.