अकराव्या मजल्यावरचे पाय

आमच्या गावी, चांद्याला, ओढ्यापाशी घसरले आणि माझी उजवी नडगी मोडली. मुलीनं मला हिंजवडीला तिच्या फ्लॅटवर आणलं, अकराव्या मजल्यावर. प्लास्टर निघालं तेव्हा मांडी ओळखू येईना, इतकी बारीक झाली होती. मुलगी सकाळी कंपनीच्या कॅबनं जायची, ती अंधार पडल्यावर यायची. दिवसभर मी आणि चार भिंती.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक मशीन भाड्यानं आणायला लावलं. दिसायला वजनकाट्यासारखं, जरा मोठं. गुडघे किंचित वाकवून त्यावर उभं राहायचं. बटण दाबलं की थरथर टाचेतून मांडीत चढायची.

"पाय ताठ ठेवू नका काकू, नाहीतर डोकंही हलेल," बाई म्हणायच्या. "आणि घरात कुणी असतानाच करायचं."

गावी भाताची लावणी सुरू झाल्याचं कळलं आणि मला धीर निघेना. एका दुपारी एकटीच मशीनवर चढले. सांगितल्यापेक्षा दुप्पट वेळ उभी राहिले. उतरले तर पायांत जीवच नाही. तशीच फरशीवर बसले.

लागलं काही नव्हतं, पण उठता येईना. सोफ्याला धरून जोर लावला. मांडी थरथरली आणि मी परत खाली बसले. फोन टेबलावर. सरकत दारापर्यंत गेले, तर कडीला हात पुरेना. बाहेर लिफ्ट थांबली तशी हाक मारली. लिफ्ट निघून गेली. उन्हं कलली. शेवटी साडी ओली झाली आणि मी रडले.

मुलगी आली. "किती वेळची बसलीयेस अशी?"

"बसले न्हाई गं. उठताच येत न्हाई मला."

तिनं गरम पाणी काढलं, मला साडी बदलायला लावली.

दुसऱ्या दिवशी बाई रागावल्या नाहीत. जमिनीवरून कसं उठायचं ते शिकवलं: आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग चांगला पाय पुढे. मशीनच्या जोडीला खुर्चीतून उठबस सुरू केली. दोन महिन्यांनी मी हात न टेकता अर्ध्या मिनिटात अकरा वेळा उठले. हे मशीननं झालं की उठबशीनं, असं विचारलं तर बाई हसल्या. "दोन्ही चालू होतं ना काकू. कसं सांगू?"

त्या संध्याकाळी मी मुलीला म्हणाले, "आता मी गावाला जाते."

"आणि तिथं एकटी असताना पडलीस तर?"

"गावात दार उगडं असतंय. कुनीतरी डोकावतं."

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, "दिवाळीनंतर बघू, आई."

दिवाळी होऊन गेली. चांदं इथून अर्ध्या तासावर. रविवारी ती मला तिकडं नेते. शेजारणी चहा टाकतात, मी बांधावरून चालून येते. पाय दुखत नाही. पाच वाजले की ती गाडी सुरू करते, आणि मी जाऊन बसते.